खुर्चीच्या हाताएवढं पाणी

आईचे गुडघे गेले आणि तिची बाग हळूहळू कमरेच्या वर आली. कुंड्या स्टुलांवर चढल्या, खुरप्याला लांब दांडा बसला, भरलेली झारी उचलवेना म्हणून अर्धीच भरायची सवय लागली. जमिनीलगतचं जे काही होतं ते माझ्याकडे आलं, म्हणजे खरं सांगायचं तर वाऱ्यावर सुटलं.

या सगळ्यात तळ्याचा विषय बारगळल्यातच जमा होता. बागेत छोटंसं तळं असावं, काठावर बसून पाण्यात हात घालावा, एवढीच तिची हौस. ती मी 'करू या गं' म्हणत दहाएक वर्षं पुढे ढकलली होती. आता खड्डा खणला तरी काठावर बसणार कोण? आणि बसलीच, तर उठवणार कोण?

एका संध्याकाळी ती बागेत वेताच्या खुर्चीवर बसली होती. उजवा हात खुर्चीच्या हातावरून बाहेर लोंबत होता आणि बोटं उगाच हवेत हलत होती. मी आतून टेप आणली आणि खुर्चीच्या हाताची जमिनीपासूनची उंची मोजली. ६५ सेंटिमीटर.

"माझं माप कशाला घेतेस?"

"तुझं नाही, तळ्याचं घेतेय."

जमिनीच्या वर तळं बांधायची इतर कारणंही आहेत म्हणा. खाली खडक असतो, झाडांची मुळं असतात, कुठून तरी पाइप गेलेला असतो. खणायचा त्रास वाचतो, पालापाचोळा वाऱ्याने थेट आत येत नाही. ही सगळी कारणं मी नंतर लोकांना सांगत सुटले. खरं कारण ते खुर्चीचं.

आधी मी ते लाकडाचं केलं. इंचभर जाडीच्या फळ्या, कोपऱ्यांत खिळे, आत प्लास्टिकचा कागद. लांबी २.४ मीटर, रुंदी १.५ मीटर. तयार झालेली पेटी इतकी भक्कम वाटत होती की मी तिच्या काठावर उभी राहून पाहिलं. हलली नाही. मग नळी सोडली आणि आम्ही दोघी पाणी चढताना बघत बसलो. पाणी चढताना बघण्यात काय गंमत असते ते ज्याने बघितलं त्यालाच कळेल. आधी तळाच्या चुण्या बुडतात, मग कागद स्वतःहून कोपऱ्यांत जाऊन बसतो, मग पहिल्यांदा आकाश दिसतं.

पाणी ४० सेंटिमीटरच्या आसपास आलं तेव्हा आई म्हणाली, "अगं, त्या फळीला पोट आलंय."

मी वाकून पाहिलं. लांबीकडची फळी मध्यावर बोटभर बाहेर आली होती. काठावर नव्हे, खाली. मी तिला गुडघा लावून आत रेटायला गेले, आणि त्याच वेळी कोपऱ्यातून एक बारीक, कुरकुरता आवाज आला. खिळा लाकडातून सावकाश निघतो तेव्हा येतो तसा. तो आवाज मी अजून विसरलेले नाही, कारण त्यानंतर जे झालं त्याला जेमतेम तीन सेकंद लागले. जवळपास १४०० लिटर पाणी माझ्या पायांवरून, गुलाबाच्या वाफ्यावरून, फाटकाच्या दिशेने निघून गेलं. माझी एक चप्पल त्याच्याबरोबर गेली आणि फाटकाच्या गजांना अडकली. आई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती आणि हसत होती. गुडघे दुखतात म्हणणारी बाई पाय एवढ्या चपळाईने वर कशी घेते, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही.

खड्ड्यातल्या तळ्याला चारी बाजूंनी माती धरून ठेवते. ते काम होतंय हेसुद्धा आपल्याला कळत नाही, कारण माती त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तळं जमिनीच्या वर आणलं की मातीचं ते काम भिंतीकडे येतं, आणि मग कळतं काम किती होतं. घनमीटर पाण्याचं वजन एक टन. माझ्या मापाच्या तळ्यात ६० सेंटिमीटर पाणी भरलं की २१६० लिटर होतात, म्हणजे दोन टनांहून जास्त. पण हे वजन भिंतीवर येत नाही, ते जमिनीवर येतं. (म्हणून कुणी असं तळं गच्चीवर करायचं म्हणालं, तर आधी इमारतीचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरला विचारा. पर्याय नाही.) भिंतीवर येतो तो दाब, आणि तो खोलीबरोबर वाढत जातो. पृष्ठभागापाशी शून्य, तळाशी सगळ्यात जास्त. ६० सेंटिमीटर पाण्याला भिंतीच्या दर मीटरमागे सुमारे १८० किलोचा रेटा बसतो, माझ्या लांब भिंतीवर मिळून ४३० किलो. आणि तो सगळा रेटा जणू एकाच जागी लावायचा झाला तर ती जागा तळापासून एक तृतीयांश उंचीवर येते. आईला पोट दिसलं ते साधारण तिथेच.

यातली मला सगळ्यात नवल वाटलेली गोष्ट वेगळीच. पाणी किती आहे याच्याशी भिंतीला काही देणंघेणं नसतं. फक्त किती खोल आहे ते महत्त्वाचं. माझ्या २१६० लिटरांच्या जागी ६० सेंटिमीटर खोलीचा अख्खा समुद्र पसरलेला असता, तरी भिंतीच्या त्या एका मीटरला १८० किलोच सोसावे लागले असते. सायमन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश गणितज्ञाने हे १५८६ मध्ये लिहून ठेवलंय. उलट खोली दुप्पट केली की रेटा चौपट होतो. 'अजून जरासं खोल करू या' हे वाक्य म्हणूनच सांभाळून म्हणावं.

दुसऱ्यांदा मी शहाणी झाले आणि मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी फळ्यांचे अवशेष पाहिले, खिळे हातात घेऊन पाहिले आणि परत ठेवले. हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "ताई, पाणी दिसतं वरून, पण भांडतं खालून," एवढंच म्हणाले.

मग कोबा झाला. कोब्यातून उभ्या सळया वर काढल्या, नऊ इंची भिंत घेतली, दर तिसऱ्या थराला आडवी सळई टाकली आणि ती कोपऱ्यात वाकवून पुढच्या भिंतीत नेली. वरून काँक्रीटचा पट्टा. मी म्हटलं, एवढ्याशा भिंतीला इतकं कशाला? त्यांनी गणित केलं नव्हतं, पण मी नंतर करून पाहिलं. नुसती नऊ इंची भिंत आपल्या वजनावर हे पाणी पेलायला किंचित कमी पडते. त्यांचा हात बरोबर होता. कोपऱ्यातल्या विटांची सांधेमोड ते इतकी निगुतीने करत होते की मला माझे खिळे आठवून लाज वाटली. खिळ्यांच्या भरवशावर कोपरा सोडण्यात आणि विटेत वीट अडकवून कोपरा वळवण्यात केवढा फरक आहे!

गुण्या लावला, ओळंबा सोडला, पाण्याने भरलेला लेव्हल पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. आतून गिलावा, कोपरे गोलसर, कडक कोपऱ्यात आत अंथरायचं रबर ताणून फाटायला नको म्हणून. आठवडाभर भिंतीवर पाणी मारलं. हे काम आईने खुर्चीवरून केलं, हातात नळी धरून, भिंत तिच्या बरोबर मापाची असल्याने.

रबराच्या कागदाचं माप काढताना लोक हमखास चुकतात, म्हणून सांगून टाकते. लांबीत आणि रुंदीत प्रत्येकी दोन वेळा भिंतीची उंची मिळवायची आणि काठावरून वळवायला दोन्हीकडे ३० सेंटिमीटर. माझ्यासाठी ४.३ मीटर बाय ३.४ मीटर. मी ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर घेतलं. खाली जुन्या घोंगड्या अंथरल्या, एखादा खडा टोचायला नको. कोपऱ्यात जादाचं रबर गोळा होतं त्याचं काय करायचं हे मला सुधरेना. आईने खुर्ची जवळ ओढायला लावली, दोन्ही हात आत घातले आणि निऱ्या घालाव्या तशी एकच मोठी घडी घालून ती एका अंगाला दाबून टाकली. चारही कोपरे तिने केले. तळं झाल्यावर सगळ्यात देखणे दिसतात ते कोपरेच.

पाणी भरायच्या आधी नळीखाली १२ लिटरची बादली धरून पाहिली. एका मिनिटात भरली, म्हणजे तळ्याला तीन तास. त्या तीन तासांत मी भिंतीला हात लावून बसले होते. मिस्त्री मुद्दाम आले नाहीत. भिंतीने पोट काढलं नाही, कुरकुर नाही. पाणी पट्ट्याखाली चार बोटं आलं, आणि तेव्हा लक्षात आलं की फाटकाकडच्या टोकाला काळं रबर जास्त दिसतंय आणि पेरूच्या बाजूला कमी. दीड सेंटिमीटरचा फरक. लेव्हल पाइपमध्ये आम्हाला कुणालाच दिसला नव्हता, तो दोन टन पाण्याने एका क्षणात दाखवला. मी खट्टू झाले. आई म्हणाली, "पाणी सरळच आहे. तूच वाकडी आहेस." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतरचा काळ हा लेख वाचणाऱ्यांनी दोन ओळींत उरकला तरी चालेल, मला मात्र तो संपता संपत नव्हता. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून दोन दिवस थांबलो. (काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात, ते असं उडत नाही, त्यासाठी वेगळं औषध टाकावं लागतं.) वॉटर लिलीची टोपली आधी विटांवर ठेवली. पानं वर पोचली की एक वीट काढायची, परत पोचली की दुसरी काढायची. पाणकणीस मोह पाडणारं झाड आहे, पण त्याचे खालचे कोंब टोकदार असतात, रबर फोडतात, म्हणून घेतलं नाही. जलपर्णी तर कुणी फुकट दिली तरी घेऊ नये. दोन आठवडे तळं आरशासारखं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवलं.

तिसऱ्या आठवड्यात पाणी हिरवं झालं. शेवाळाचे धागे वगैरे नाहीत, पाणीच हिरवं, दौतीत शाई असावी तसं. हात कोपरापर्यंत घातला तर मनगट दिसेना. बघायला आलेल्यांपैकी प्रत्येकाने एकच सल्ला दिला: सगळं उपसा, घासा, नव्याने भरा. मी पंप उपसायला लावणारच होते. पण आईला रोज सकाळी त्यात हात घालायची सवय लागली होती आणि उपसलं तर चार दिवस खंड पडणार, म्हणून ती नको म्हणाली. नशीब. कारण नवीन पाणी म्हणजे नवीन अन्न, ऊन तेच, आणि पाण्यावर तरंगणारं एकपेशीय शेवाळ इतर कुणापेक्षाही आधी जेवायला बसतं. उपसून टाकणारा माणूस दर वेळी त्यालाच पहिली पंगत देतो. थांबलं तर पाठीमागून वनस्पती येतात, पानांची सावली पडते, आणि डोळ्यांना न दिसणारी माणसं कामाला लागतात. माणसं म्हणजे जिवाणू. माशांच्या मलमूत्रातून, कुजक्या पानांतून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. त्यांची वस्ती बसायला महिना-दीड महिना जातो आणि त्यांना घाई करता येत नाही.

लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाची गोष्ट मला या दिवसांत फार जवळची वाटली. त्याने एका मोठ्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. झाड माशांना प्राणवायू देईल, मासे झाडाला खत देतील, हिशेब चोख. पण झाडाची पानं कुजू लागली आणि पाणी गढूळ झालं. त्याने मग पाण्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाऊन टाकली आणि पाणी निवळलं. हे त्याने १८५० मध्ये मांडलं. हिशेबात नसलेला, कुणाला फारसा न आवडणारा तिसरा प्राणी आला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. माझ्याकडे गोगलगायी आणाव्या लागल्या नाहीत, लिलीच्या पानाखाली चिकटून आपल्या आपण आल्या. पाणी पाचव्या आठवड्यात निवळू लागलं. एका सकाळी आई म्हणाली, "माझी अंगठी दिसतेय," आणि मग रोज ती किती खोलवर दिसते हेच आमचं मोजमाप झालं.

सहाव्या आठवड्यानंतर पाच गोल्डफिश सोडले. इथे माझी दुसरी चूक. जमिनीवरच्या तळ्याला चारी बाजूंनी ऊन लागतं, ते जमिनीतल्यापेक्षा लवकर तापतं. हे मला माहीत होतं, पण तापलेलं पाणी नुसतं गरम नसतं, त्यात जीवही कमी असतो, हे डोक्यात शिरलं नव्हतं. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. त्यात रात्र. दिवसभर प्राणवायू देणारी झाडं आणि शेवाळ अंधारात तोच ओढू लागतात, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. एका उकाड्याच्या पहाटे मी बाहेर आले तर चार मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करत होते आणि पाचवा आडवा तरंगत होता. पाण्यात हवा मिसळणारा कारंज्याचा पंप बंद होता. मीच रोज झोपताना बंद करत असे, रात्री कोण बघणार म्हणून.

आता आमचं कारंजं रात्री चालतं. कुणी बघत नाही. (पंपाच्या जोडणीत विजेची गळती झाली तर प्रवाह तोडणारा ब्रेकर हवाच, त्यात काटकसर नको.) दक्षिणेकडच्या भिंतीला बाहेरून वेल लावला, भिंतीला सावली पडली. आणि लहान मूल घरी येणार असेल तेव्हा पाण्यावर जाळी टाकतो. भिंत उंच आहे म्हणून निर्धास्त राहू नये, मुलांना चढायला तेवढीच उंची आवडते.

डासांबद्दल बोलायचं टाळलं तर शेजाऱ्यांवर अन्याय होईल. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा त्यांची भीती खरी होती. पण माशांच्या तळ्यात अळी टिकत नाही. आमच्याकडे अळ्या सापडल्या त्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत, ज्यांच्याबद्दल कुणीच काही म्हणालं नव्हतं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९३ मध्ये जिव्हर्नी गावात आपलं कमळांचं तळं करायला घेतलं, तेव्हा त्यांच्या परदेशी झाडांनी पाणी विषारी होईल म्हणून आसपासच्या लोकांनी हरकत घेतली होती. हे वाचल्यापासून मला शेजाऱ्यांचा राग येत नाही.

मग उन्हाळ्यात पाणी रोज कमी दिसू लागलं आणि मला रात्री तो खिळ्याचा आवाज ऐकू येऊ लागला. गळती? आईने उपाय सुचवला. बादली पाण्याने भरून तळ्यातल्याच विटांवर ठेवली, आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला. दोन्हीकडे खूण केली. दुसऱ्या दिवशी दोन्ही खुणांपासून पाणी सारखंच उतरलं होतं, पाच मिलिमीटर. म्हणजे गळती नाही, ऊन. पाच मिलिमीटर म्हणजे आमच्या तळ्याचे १८ लिटर, रोज, कुणाला न विचारता. बादलीतलं जसंच्या तसं राहून तळ्यातलं उतरलं असतं तर मात्र झोप उडाली असती. आई ती नोंद अजून ठेवते, कॅलेंडरवर, पेन्सिलीने.

पाऊस आला तेव्हा पाणी वर वर येत पेरूच्या बाजूच्या कोपऱ्यावरून बाहेर पडलं. त्या दीड सेंटिमीटरच्या वाकड्या कोपऱ्यावरून. पातळ पदरासारखं भिंतीवरून उतरत थेट झाडाच्या आळ्यात. जादाचं पाणी जायला पाइप ठेवायचा असतो, तो आम्ही विसरलो होतो. आता तिथे पक्षी बसतात, कारण पाय भिजतील इतकंच पाणी फक्त तिथेच असतं. बेडकांसाठी बाहेरून फळी लावलीय आणि आत दगडांची उतरंड. बेडूक अजून आलेला नाही. फळी त्याच फुटक्या पेटीतली आहे, कदाचित त्याला इतिहास कळला असेल.

चतुर मात्र पहिल्या आठवड्यापासून येत होते. पाण्यावर शेपटी टेकवत जायचे, अंडी घालायचे. त्यांची पिल्लं पाण्यातच असतात, पंख नसलेली, मातकट, शिकारी. काही जातींची पिल्लं पाण्यात वर्षानुवर्षं राहतात, काहींना दोन-एक महिने पुरतात. आमच्याकडचे घाईतले असावेत. परवा सकाळी मी आईची खुर्ची भिंतीला लावली, आणि ती हात पाण्यात घालायचा सोडून लिलीशेजारच्या देठाकडे बघत राहिली.

देठाला एक कात चिकटलेली होती. नखाएवढ्या जाडीची, कोरड्या पानाच्या रंगाची. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक वाट्या, पाठीवर उभी चीर, आणि त्या चिरेतून बाहेर आलेले तीन-चार पांढरे दोरे, बारीक, शिवण उसवल्यावर राहतात तसे. त्या त्याच्या जुन्या श्वासनलिकांच्या आतल्या काती. तो रात्री कधी तरी पाण्यातून वर चढला, पाठ फोडून बाहेर आला, पंख वाळवले आणि गेला. आम्ही दोघी आत झोपलो होतो. कारंजं चालू होतं.

आईने दोन बोटांनी ती कात देठावरून सोडवली. पायांचे आकडे एकेक करून काढावे लागले. उलटसुलट करून पाहिली, तळहातावर ठेवून वजन जोखलं, वजन काहीच नव्हतं. मग वेताच्या हातावर ठेवली.

संध्याकाळी आभाळ भरून आलं म्हणून मी खुर्ची आत घ्यायला गेले. आई आतूनच म्हणाली, "राहू दे आज बाहेर." वारा सुटला होता, पाणी काठाला लागत होतं. खुर्चीच्या हातावर ती कात तशीच होती, सहाही पाय वेतात रोवून.